मास्तर मोठ्यानं बोलले

मास्तर कुजबुजले की पुण्याचे वाटत आणि मोठ्यानं बोलले की उमरेडचे. गंमत म्हणून सांगत नाही, अगदी असंच होतं ते. आमच्या नाट्यमंडळात ते प्रॉम्प्टर होते. विंगेत एका लाकडी खोक्यावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात टॉर्च घेऊन ते आम्हाला विसरलेले शब्द पुरवायचे. तो खालचा आवाज इतका स्वच्छ की कान धुऊन निघावेत. आणि तालीम संपली की हाच माणूस बाहेर ओट्यावर येऊन ओरडायचा, "काहून गा, चहा सांगतला का नाही कोनं? कवाचे बसून राहिलो आमी!" नव्यानं आलेली माणसं आठवडाभर समजत की विंगेत कोणी दुसरंच बसतं.

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले मास्तर नव्हेत. नाव शालिकराम. घर विणकरांचं, मूळचं उमरेडचं. माग विकून बाप नागपुरात आला आणि हे लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरामशीनवर लाकूड मोजायला लागले. दिवसभर साग आणि बीजा मोजायचे आणि संध्याकाळी भुसा झटकत तालमीला यायचे. त्यांच्या कानाच्या मागे नेहमी थोडा भुसा राहिलेला असे. मंडळात वकील होते, बँकेतले साहेब होते, एक डॉक्टरीणबाई होत्या. या सगळ्यांना ते 'चुकले, पुन्हा म्हणा' म्हणत, म्हणून कुणीतरी त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली. आधी थट्टेनं म्हणत. पुढे थट्टा गेली आणि नाव राहिलं.

कान मात्र असा की माणूस तोंड उघडायचा अवकाश. 'काळा'चा 'कारा' केला की ते म्हणत भंडाऱ्याकडचा, 'काया' केला की वऱ्हाडातला. एकदा एक झकपक कपड्यांतले गृहस्थ आले, आपण मुंबईहून बदलून आलो म्हणाले, आणि दोन दिवस मुंबईच्या गप्पा हाणत राहिले. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी अगदी मायेनं विचारलं, "तुमचं गाव वैनगंगेच्या अल्याड का पल्याड जी?" गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आम्ही पोट धरधरून हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांना खरोखरच अल्याड की पल्याड एवढंच जाणून घ्यायचं होतं. बोलण्यावरून माणसाला हसावं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. ते खातं आमच्याकडे होतं.

मी मंडळात आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. राहायला नागपूरच्या महाल भागात, नोकरी एका ऑफिसात टायपिस्टची. दिसायला बरी होते, उभं राहायची लाज वाटत नव्हती, पण तोंड उघडलं की पंचाईत. आमच्या दिग्दर्शकांना सगळे 'सर' म्हणत. ते कॉलेजात शिकवत आणि चार वर्षं पुण्याला राहून आलेले होते, हे ते स्वतःही विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. माझा पहिला उतारा ऐकून ते म्हणाले, "मुलगी चालेल हो, पण हिच्या जिभेचं काय करायचं?" सगळे हसले. मग सरांनी मला मास्तरांच्या हवाली केलं.

मास्तरांची शिकवायची रीत अशी. ते मला खोक्याशेजारी बसवत आणि वाक्य कुजबुजत. मी तसंच कुजबुजायचं. महिनाभर त्यांनी मला आवाज चढवू दिला नाही. "आधी हळू नीट होऊ द्या बाई. आवाज काय, मागून येते," म्हणत. त्यांच्या संहितेत प्रत्येक नटाच्या वाक्यांखाली पेन्सिलीच्या बारीक खुणा असत, कोण कुठे घसरतो त्याच्या. माझी पानं तर पेन्सिलीनं काळी झाली होती. मी कंटाळले, चिडले, एकदा रडलेसुद्धा. ते नुसते म्हणाले, "मनात बोलाचं ते आपल्या माय-बापाचं. तोंडातून काढाचं ते लिवलेलं. दोनी ठेवा. एकाच्या पायी दुसरं सोडा असं नाही म्हनत मी."

मी दुसरं सोडून मोकळी झाले. दोन वर्षांत माझी जीभ अशी सुधारली की बाहेरगावचा पाहुणा कौतुकानं म्हणायचा, "अहो, तुम्ही नागपूरच्या वाटत नाही!" आणि मी मूर्खासारखी लाजून 'थँक्यू' म्हणायची. घरी आईच्या चुका काढायला लागले. आई एकदा पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आता तू आमाले बोलाले शिकवशीन काय वं?" तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बरं दिलं नसणार.

एकदा मी मास्तरांना विचारलं होतं, "तुम्हाला एवढं येतं, मग तुम्ही स्वतः मोठ्यानं तसं का बोलत नाही?" तर म्हणाले, "प्रयत्न नाही केला असं नाही. पन मोठ्यानं बोललो का माझा बाप बोलते. त्याले मी काय करू?" बाप मागावर बसायचा. मागाची खटखट एवढी की घरात सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागे. मोठा आवाज त्यांना तिथे मिळाला. शुद्ध बोलणं त्यांनी फार पुढे ऐकलं, बाहेरून येणाऱ्या नाटक कंपन्यांच्या फळ्या वाहायला जात तेव्हा, विंगेच्या अंधारात उभं राहून, प्रॉम्प्टरच्या तोंडून. म्हणजे ते त्यांनी ऐकलंच मुळी कुजबुजीत.

वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शब्द पुरवले. लोकांसमोर एकदा उभं राहावं असं त्यांना वाटत होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या नाटकाचं वाटप व्हायचं त्या दिवशी ते स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि सर यादी वाचून संपवेपर्यंत मान खाली घालून बसायचे. यादी संपली की टॉर्चचे सेल तपासायचे. आम्ही पाहत असू. काय करणार? म्हणजे, करता आलं असतं. कुणी केलं नाही.

मग सत्तरच्या दशकात एका हिवाळ्यात ते स्पर्धेचं नाटक आलं. पुण्यातले एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची घर सोडून निघालेली मुलगी. मुलगी मी. बाप आमचे वकीलसाहेब, खणखणीत आवाजाचे. पाठांतराच्या नावानं मात्र सगळा आनंद. "मास्तर आहेत ना," म्हणायचे आणि पान खायला निघून जायचे. तिसऱ्या अंकात तर ते जवळजवळ अख्खे मास्तरांच्याच आवाजावर चालत. प्रयोगाच्या चार दिवस आधी ते स्कूटरवरून पडले आणि पाय मोडून बसले.

प्रयोग रद्द केला तर स्पर्धेतूनच बाद. अख्खा बाप पाठ असलेला माणूस एकच, तो खोक्यावर बसला होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, एकडाव मले मोठ्यानं बोलून पाहू द्या." सरांनी परवानगी दिली. त्यांनी शेवटचा प्रवेश म्हटला. लिहिलेला शब्द न शब्द बरोबर, पण सूर उमरेडचा, हेल उमरेडचा, आणि मध्येच एखादा 'मले' निसटून गेलेला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता. पण मी सरांकडे पाहिलं. सर हळूच हसत होते. सर हसताहेत म्हटल्यावर आम्हीही हसलो. सर म्हणाले, "मास्तर, भावना सुंदर आहे. पण हा बाप पुण्याचा आहे हो."

आणि मग सरांच्या सुपीक डोक्यातून ती युक्ती निघाली. मास्तरांनी रंगमंचावर वावरायचं, नुसते ओठ हलवायचे. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून वकीलसाहेब विंगेत बसतील आणि तिथून बोलतील. ओठ झाकतील अशा झुपकेदार मिशा लावायच्या, गळ्याला मफलर गुंडाळायचा. आज ऐकताना हे खुळ्यासारखं वाटतं. तेव्हा आम्ही सरांना शाबासकी दिली होती. मास्तरांनी हातातला टॉर्च खोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "बरं. तोंड तं माझंच राहीन न?"

चार दिवस तालीम झाली. मास्तर आरामशीनवर सुट्टी टाकून सकाळपासून यायचे. वकीलसाहेबांच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला ते शिकले. त्यांचं चालणं, काठी टेकणं, मुलीकडे पाहून न पाहिल्यासारखं करणं, सगळं असं उतरलं की वकीलसाहेबांना आतून मिरची लागली असणार. त्या चार दिवसांत मास्तर मला फार सुखी दिसले. एवढंही त्यांना पुरलं असतं, खरंच पुरलं असतं.

सीताबर्डीवरच्या हॉलात प्रयोग होता. परीक्षक तिघे, दोन बाहेरगावचे. पहिले दोन अंक असे गेले की कुणाला संशय आला नाही. मास्तर चालत आले तेव्हा पुढच्या रांगेतलं कुणीतरी 'वा' म्हणालं, ते मी ऐकलं. तिसऱ्या अंकात शेवटच्या प्रवेशाला उजेड उतरत उतरत जायचा. मी दाराशी, हातात बॅग. बापानं म्हणायचं होतं, "जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. जाताना दार तेवढं लोटून घे." मी म्हणायचं, "मी येत जाईन, बाबा." आणि पडदा.

उजेड उतरला आणि विंगेत वकीलसाहेबांच्या हातातली संहिता दिसेनाशी झाली. टॉर्च मास्तरांच्या खोक्यावर पडलेला. पाठ तर काहीच नव्हतं. एरवी अशा वेळी खोक्यावरून शब्द यायचा. खोक्यावर कुणीच नव्हतं. मास्तरांचे ओठ हलले आणि मागून आवाज आला नाही. हॉल शांत. एक श्वास गेला, दोन गेले.

वीस वर्षं ज्या माणसानं एकच काम केलं, शांतता पडली की शब्द द्यायचा, त्यानं तेच केलं. पण या वेळी तो विंगेत नव्हता. लोकांसमोर उभा होता, आणि शब्द मोठ्यानं निघाला. "जाय म्हनत नाही, राय म्हनत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "जाताना दार तेवढं लोटून घे वं माय."

जवळजवळ तीन अंक पुण्याच्या हेडमास्तरांच्या तोंडून पुणेरी ऐकलेल्या लोकांना हे एकदम कसं झेपणार? आधी मागून एक जण फिस्कन हसला, मग सगळा हॉल हसला. नागपूरचेच लोक! घरी जाऊन असंच बोलणारे! परीक्षकांनी एकमेकांकडे पाहून माना खाली घातल्या. मास्तर तिथेच उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते माझ्याकडे पाहत होते, कारण आता बोलायची पाळी माझी होती.

मला वाटेल ते बोलता आलं असतं. माझ्या बापाशी मी जशी बोलते तशी बोलले असते तर ते दोघं बाप-लेक तरी झाले असते. लोक हसले असते, नसते, पण तो माणूस तिथे एकटा पडला नसता. आणि हे सुचलं नाही असंही नाही. सुचलं, जिभेवर आलं, आणि मला राग आला. माझा सगळ्यात चांगला प्रवेश या माणसानं घालवला, असा राग. निदान माझे तरी उच्चार परीक्षकांनी ऐकावेत म्हणून मी मान ताठ केली आणि अक्षर न अक्षर सुटं करत म्हटलं, "मी येत जाईन, बाबा." लोक आणखीच हसले. पडदा पडला.

आत सर त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. वकीलसाहेब सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, हे मात्र लिहून ठेवते. मास्तरांनी उलट शब्द केला नाही. खोबरेल तेल लावून मिशा काढल्या, कागदात गुंडाळल्या, आणि मला म्हणाले, "मी नाही बोललो बाई. तोंड उघडलं अन् आवाज आला." मी 'हं' म्हटलं. एवढंच, 'हं'. दुसऱ्या दिवसापासून ते तालमीला आले नाहीत. कुणी बोलवायलाही गेलं नाही. मीसुद्धा नाही. महालातून सायकलनं अर्धा तासही लागला नसता.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले. तिथे माझं बोलणं कुणाला खटकलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "नागपूरची आहे, पण कळत नाही हो." ते ऐकलं की आधी सुखावायची मी. नंतर नंतर नको वाटायचं. पुण्यात कुणी नवं माणूस बोलायला लागलं की मी आपोआप कान टवकारायची, हा कुठला असेल, अल्याड की पल्याड. मग ज्यानं हा कान दिला त्याची आठवण यायची आणि दिवस वाईट जायचा.

आईच्या आजारपणात नागपूरला आले होते तेव्हा कळलं की मास्तर गेले, दोन महिने झाले होते. दम्यानं गेले, भुशानं छाती भरली होती म्हणे. मी विचारत विचारत पाचपावलीकडे त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं. बारीक, काळ्या, नऊवारी नेसलेल्या. नाव सांगितलं तसं त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या.

"तुमीच न त्या, यायची पोरगी झालत्या नाटकात?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"त्या दिवसाचं मले दहा डाव सांगतलं यायनं. म्हनत, मी बोललो अन् अख्खा हॉल चुप झाला. मंग टाळ्या. बाया डोये पुसत होत्या म्हने." काकू जरा पुढे सरकल्या. "पन तुमी काय म्हनलं होतं मंग त्यायले? ते काही सांगे नाहीत कधी."

या बाईच्या घरात तो प्रयोग छान झाला होता. तो मी कशाला बिघडवू, असं वाटलं. आणि खरं म्हणजे मलाही तो तसाच व्हायला हवा होता. कितीतरी वर्षांत तोंडात न आलेलं बोलणं आपसूक आलं. "मी म्हनलं, येईन ना जी बाबा. काहून रडून राहिले तुमी? येईन न मी."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली.

"नाही बाई. असं नाही म्हनलं तुमी."



"मी होती न तिथं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चार दिवस आरशापुढं उभे राहून नुसते ओठ हलवत होते. मले सांगे नाहीत. म्हनलं, पाहून तं यावं काय करून राहिले. शेजारनीले घेऊन गेली, मांगच्या लाइनीत बसली. लोक हासले, तुमचं बोलनं ऐकलं, अन् पडदा पडला तशी मी उठली. त्यायच्या आंधी घरी पोचाचं होतं न. ते आले, म्हनले, लोकायले गजब आवडलं. मी म्हनलं, आवडनच जी, काहून नाही आवडनार? मंग किती डाव सांगतलं त्यायनं, तितके डाव मी ऐकलं. मी गेलती हे त्यायले शेवटपर्यंत माहीत नाही पडलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पन तुमी बरोबर बोलल्या बाई. तेवढे लोक हासून राहिले होते, तरी जसं लिवलं होतं तसंच बोलल्या. यायनंच शिकवलं होतं न तुमाले?"

हे त्यांनी टोचून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. त्या माझं कौतुक करत होत्या.